पेडण्याचा बोगदा आणि आमचे माजघर

मराठीतला भविष्यकाळ शिकवायला सोपा आणि भरवसा ठेवायला फार अवघड. गेली अठरा-वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. ‘काम होईल’ हे दोन शब्दांचे वाक्य फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरचा विद्यार्थीसुद्धा काळ बरोबर ओळखतो. पण हेच वाक्य शिंप्याच्या, छापखानेवाल्याच्या किंवा घर बांधून देणाऱ्याच्या तोंडून ऐकले, की त्यातला काळ ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. ‘होईल’ म्हणजे अजून हात लावलेला नाही. ‘होऊन जाईल’ म्हणजे हात लावायचा विचारही नाही. ‘होत आलंय’ म्हणजे काल दुपारी आरंभ झाला. आणि ‘झाल्यातच जमा आहे’ या प्रयोगाचे तर मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. न झालेली गोष्ट झालेल्यांच्या खात्यावर जमा करण्याची सोय आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चात, हा व्याकरणाचा प्रश्न आमच्या घरात शिरला. सावंतवाडीजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर. तेथे माझे काका आणि काकू राहतात. काका प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्यालाही आता पंचवीस वर्षे होतील. छपराला वाळवी लागली होती आणि ते सगळे उतरवून नवे चढवावे असे घरात ठरत होते. मुंबईच्या चुलतभावाने पैसे जमवले होते. तो म्हणत होता, “एकदाच काय ते करून टाकू. मृगाआधी सहज होईल.” रत्नागिरीच्या चुलतबहिणीचे म्हणणे उलट. “छप्पर उतरवलं आणि पाऊस आला तर? मातीच्या भिंती आहेत. घर विरघळून जाईल.”

दोघांचेही खरे होते. छप्पर तसेच ठेवावे, तर ते या पावसाळ्यात माजघरावर बसण्याची भीती. उतरवावे, तर वेळेत चढेल याची खात्री नाही. आणि काकांचे म्हणणे एकच, गणपती याच घरात बसायचा. शेवटी त्यांनी मला फोन केला. “तू ये आणि बघ. तू सांगशील तसं करू.” मराठीच्या प्राध्यापकाला सुतारकामातले काय कळते, असा प्रश्न वाचकांप्रमाणे माझ्या पत्नीलाही पडला. पण माझा दोन्ही पक्षांशी सलोखा होता, पैशांत माझा वाटा सारखा होता आणि मुख्य म्हणजे आठवडाभराची रजा शिल्लक होती. पंच होण्याला याहून मोठी पात्रता आपल्याकडे लागत नाही. २४ मार्चला सकाळी उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा बरोबर घेऊन मी ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढलो.

समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा, हातात घरच्या पोळीभाजीचा डबा. रोहे आले तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहत, एखाद्या जुन्या वाड्याचा दरवाजा दाखवावा तसे म्हटले, “इथून आमची सुरू होते.”

“आपली म्हणजे?”

“कोकण रेल्वे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वेची. पुढे मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत आमची. सुमारे ७४० किलोमीटर.”

ते १९९१ मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून या कामावर रुजू झाले होते आणि निवृत्त होऊन आता कणकवलीला राहत होते. अशा माणसाला मी सोडणार नव्हतो. मी माझा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. काम वेळेत होईल की नाही, हे आधी कसे ओळखायचे? ते हसले. म्हणाले, “आम्हाला पाच वर्षं दिली होती. लागली सव्वासात. तेव्हा तुम्ही अगदी योग्य माणसाला विचारताय.”

त्यानंतर रोहा ते कणकवली आमची जी बैठक झाली ती मला एखाद्या व्याख्यानमालेसारखी आठवते, फक्त येथे श्रोता जागा होता.

कोकणात रेल्वे यावी हे स्वप्न फार जुने. अ. ब. वालावलकरांनी त्याचा ध्यास घेतला, बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत त्याचा आवाज उठवला. नाथ पै १९७१ मध्ये गेले. त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले, १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्रीही झाले. पण गाडी रोह्याला पोचायलाच १९८६ साल उजाडले. मग १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग आला. या कामासाठी वेगळे महामंडळ निघाले. केंद्राचा भाग ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोखे काढून उभारायचा. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला कोनशिला बसली.

“आता हिशेब करा,” गृहस्थ म्हणाले. “७४० किलोमीटर, पाच वर्षं. वर्षाला किती?”

“१४८.”

“शाबास! असा हिशेब सगळ्यांना येतो आणि तो काही उपयोगाचा नसतो. १४८ किलोमीटर म्हणजे कुठले? खेडजवळचे की पेडण्याचे?”

त्यांचे म्हणणे असे, की काम सरासरीने पुढे जात नसते. संपूर्ण मार्गाचे सात विभाग केले होते, महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाकडे सुमारे शंभर किलोमीटर. सगळीकडे एकदम काम सुरू झाले. चाळीस हजारांवर लोकांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. त्या कज्ज्यांत वर्षानुवर्षे जातील असे जाणकार सांगत होते. पण अधिकारी स्वतः दारोदार गेले, मोबदल्याचे लगेच बोलले, आणि ज्याची सर्वांत धास्ती होती ते काम पुष्कळच लवकर उरकले. उलट काही गोष्टी कोणाच्या हिशेबात नव्हत्या. गोव्यात मार्ग कोठून न्यावा यावरून आंदोलन झाले. खाजण जमिनी आणि जुनी गावे वाचवा, असा लोकांचा आग्रह होता. चौकशी आयोग बसला, काम काही काळ थांबले. पैशाची ओढाताण तर पहिल्यापासूनच होती.

चिपळूण मागे पडले. बाहेर पांगारे लाल झाले होते, काजूला बोंडे धरली होती. मधेच एका बोगद्यात गाडी शिरली आणि बोलणे थांबले. डब्यात दिवे लागले, लहान मुलांनी नेहमीप्रमाणे ओरडून घेतले. या मार्गावर ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल आहेत, त्यामुळे संभाषणात विरामचिन्हांची वाण पडत नाही. उक्षी गेल्यावर करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर. मार्ग सुरू झाला तेव्हा भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. चार-पाच मिनिटे खिडकीत फक्त आपलाच चेहरा पाहत बसावे लागते.

बाहेर आल्यावर मी म्हटले, “म्हणजे खरी अडचण येथे आली असेल.”

“तुम्हालाही तसंच वाटलं ना?” ते खुशीत म्हणाले. “सगळ्यांना वाटायचं. पण करबुडे कठीण कातळात आहे. कातळ प्रामाणिक असतो. स्वीडनहून आणलेली यंत्रं होती. भोकं पाडायची, सुरुंग लावायचा, दगड बाहेर काढायचा. आज जितकं गेलात तितकं उद्या जाल. लांबी मोठी, पण हिशेब चुकत नाही.”

रत्नागिरीला गाडी थांबली. या मार्गाच्या कामात सत्तरांवर कामगार दगावले. त्यांचे स्मारक येथे आहे. ते सांगताना गृहस्थांचा आवाज जरा खाली आला. “मुदत मुदत म्हणून आपण तोंडानं सहज बोलतो. ती पाळायला आत माणसं उभी असतात.” मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

रत्नागिरी सोडल्यावर गाडी पानवलच्या पुलावर आली. खालच्या दरीत ओढ्याची बारीक रेघ दिसत होती. ६४ मीटर उंचीचा हा पूल. येथे खालून आधार उभारून वर बांधकाम करणे कठीण, म्हणून पुलाचा वरचा भाग एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतला आणि खांबांवरून पुढे पुढे सरकवत नेला. भारतात ही पद्धत प्रथम येथे वापरली गेली. “हाही दिसायला भयंकर, पण करायला शहाणा,” ते म्हणाले. “वरून सगळं दिसतं. दिसतं त्याची भीती नाही, प्राध्यापक महाराज. पुढे पेडणं आहे ना, ते बघा.”

पेडण्याचा बोगदा करबुड्याच्या चौथाईपेक्षाही लहान. दीड किलोमीटर म्हणा. पण तो कातळात नाही, पाण्याने भरलेल्या मऊ मातीत आहे. तेथे मोठी यंत्रे चालेनात. हाताने माती काढायची, आधार द्यायचा, आणि सकाळी पाहावे तो वरून पुन्हा कोसळलेले असायचे. चार हात पुढे आणि तीन हात मागे. बाकीच्या मार्गाचे तुकडे एकामागून एक खुले होत गेले. १९९३ मध्ये मंगळुरूकडून उडुपीपर्यंत आणि रोह्याकडून वीरपर्यंत, १९९५ मध्ये खेडपर्यंत, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीपर्यंत. आणि सगळी ७४० किलोमीटरची लाइन या दीड किलोमीटरच्या मातीपाशी हात जोडून उभी राहिली. तो बोगदा पुरा झाला तेव्हा २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. खर्च तोपर्यंत साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला होता.

“तेव्हा,” गृहस्थांनी डब्याचे झाकण लावत सांगितले, “कुणी म्हणालं ना, शंभरातलं नव्वद काम झालं, तर आनंद मानू नका. उरलेलं दहा कुठलं आहे ते विचारा.”

मी म्हटले, “पण श्रीधरन यांच्यासारखा माणूस होता तरी...”

“हो ना! तेच तर सांगतो.” ते पुढे सरसावले. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने रामेश्वरचा पांबनचा पूल उद्ध्वस्त केला. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी त्याचे तीन केले, आणि तरुण श्रीधरन यांनी काम ४६ दिवसांत पुरे केले. वाहून गेलेले गर्डर समुद्रातून शोधून काढले आणि पुन्हा चढवले. तेच श्रीधरन कोकणात पाचाची सव्वासात वर्षे घेऊन बसले. आणि त्यांनीच पुढे दिल्लीला जाऊन मेट्रोचा पहिला टप्पा मुदतीच्या आधी संपवला. तेथे कामाच्या जागी ते उलटी घड्याळे लावीत. किती दिवस झाले ते नव्हे, किती उरले ते दाखवणारी. “माणूस तोच, जिद्द तीच, घड्याळही तेच. जमीन मात्र तीन ठिकाणी तीन. काम करणारा कोण आहे हे बघून मुदत सांगणारे लोक निम्माच हिशेब करतात.”

कणकवलीला ते उतरले. फलाटावरून खिडकीशी आले आणि म्हणाले, “घराचं काय करता ते ठरवा, पण छपराचा एक कोपरा आधी उघडून बघा. आम्ही मातीची चाचणी घेतो तशी. आणि पेडण्याचा बोगदा आला की पुस्तक बंद करा.”

मला पेडण्यापर्यंत जायचेच होते. आमचा सुतार पेडण्याचा. त्याच्या वडिलांनी काकांच्या लग्नाआधी घराची पडवी घातली होती, त्यामुळे काकांना दुसऱ्या कोणाचा हात त्या घराला लागणे पसंत नव्हते. सावंतवाडी गेली, मडुरे गेले आणि गाडी बोगद्यात शिरली. मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली. करबुड्यात चार-पाच मिनिटे लागली होती. येथे विद्यार्थ्याच्या एका उत्तराला गुण द्यावेत तेवढ्यात उजेड आला. डब्यात कोणी मान वर केली नाही. पण ही माती अजूनही निवलेली नाही. २०२० च्या ऑगस्टात या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग पडून गाड्या दुसऱ्या मार्गाने फिरवाव्या लागल्या होत्या, आणि २०२४ च्या जुलैत आत पाणी शिरून मार्ग बंद पडला होता. काम पुरे झाले तरी मऊ माती आपले म्हणणे सोडत नाही.

मेस्त्री घरीच होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. अंगणात एका देव्हाऱ्याला पॉलिश चालले होते आणि ते इतके नीट होते की मला काकांचा आग्रह तेथेच पटला. मी विचारले, “छप्पर मृगाआधी होईल का?” ते म्हणाले, “जातलें.”

आता हा कोंकणी भविष्यकाळ. पुण्यात ‘होईल’, सावंतवाडीत ‘होतला’, पेडण्यात ‘जातलें’. अर्थ एकच, ‘होईल’. पण मराठी कानाला ते ‘जाईल’सारखे ऐकू येते आणि उगीच छातीत धस्स होते. मी प्रश्न बदलला. होईल का, हे विचारायचे सोडून, आमच्याकडे पहिला दिवस कोणता, हे विचारले. मेस्त्रींनी रंधा खाली ठेवला. म्हापशाला एका बंगल्याचे काम हाती होते. ते सोडून येणे शक्य नव्हते. बोटांवर मोजून त्यांनी सांगितले, “वीस एप्रिल.” त्याआधी नाही. बरोबर दोन माणसे. तिसरा मिळेल असे ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर घरी आले. काका खळ्यात खुर्ची टाकून बसले. काकूंनी चहा ठेवला. मेस्त्री शिडी लावून वर चढले आणि माजघराच्या पाठीमागच्या कोपऱ्याची पंधरावीस कौले उतरवली. वरून चुन्याने रंगवलेले वासे खालून अगदी ठणठणीत दिसत होते. मेस्त्रींनी पटाशी टेकवली मात्र, ती लोण्यात जावी तशी आत गेली. पाहिलेल्या सहा वाशांपैकी चार पोकळ. भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पाटाची तर नुसती कवची उरली होती आणि त्याखालची माती हाताने सुटत होती. म्हणजे काम नुसते छपराचे नव्हते. आधी भिंतीचा माथा बांधून घ्यायचा, मग त्यावर पाट, मग तुळई, मग वासे. हेच आमचे पेडणे.

रात्री कंदिलाखाली हिशेब मांडला. कंदील अशासाठी, की वीज गेली होती. वळवाच्या सरी मेच्या शेवटच्या दहा दिवसांत कधीही येतात. तेव्हा मृगाची ७ जून ही तारीख मी बाजूला ठेवली आणि २० मे ही शेवटची तारीख धरली. २० एप्रिल ते २० मे, हातात तीस दिवस. सबंध छपराला मेस्त्रींच्या हिशेबाने उतरवण्याचे चार, भिंतीचे माथे आणि लाकूड चढवण्याचे तीस, कौलांचे पाच, मिळून एकोणचाळीस दिवस. तेही लग्नसराईत कोणी एक दिवस दांडी मारली नाही तर. नुसत्या माजघराला मात्र दोन, चौदा आणि तीन, म्हणजे एकोणीस दिवस. अकरा दिवस हातात उरत होते. लाकडाचेही तसेच. गेल्या वर्षी पाडलेला फणस माजघराच्या तुळईला आणि पाटाला पुरणार होता, पडवीला नाही.

सकाळी मी काकांना सांगितले, “सगळं छप्पर यंदा होणार नाही. माजघर होईल. पडवी आणि मागची बाजू पुढल्या वर्षी.”

हे वाक्य बोलायला सोपे नव्हते. काका ब्याऐंशी वर्षांचे. ‘पुढल्या वर्षी’ हे शब्द त्या वयाच्या माणसापुढे ठेवताना जीभ अडखळते. मुंबईच्या भावाने फोनवर मला ऐकवलेच, “काकांच्या डोळ्यांदेखत पुरं घर व्हायला हवं. तू अर्धं करायला निघालास.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, माया होती, आणि म्हणून उत्तर देणे अधिकच कठीण होते. मी त्याला रेल्वेचे सांगितले. मंगळुरू ते उडुपी गाडी १९९३ मध्ये धावू लागली, तेव्हा मुंबईचा पत्ता नव्हता. पण उडुपीच्या लोकांनी मुंबईसाठी थांबायचे नाकारले. जो तुकडा पुरा झाला तो वापरात आणला. अर्धे राहिलेले काम निराळे आणि एक तुकडा पुरे केलेले काम निराळे. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पैसे कधी पाठवू?”

काका मात्र बराच वेळ खळ्यातल्या तुळशीकडे पाहत होते. अखेर म्हणाले, “रेल्वे येतली, येतली म्हणून माझ्या बापसानं आयुष्य काढलं. तो गाडी न बघता गेला. मी छप्पन्नाव्या वर्षी बसलो. माजघर तर माजघर. गणपती पडवीत थोडाच बसतो?” आणि काकूंकडे वळून, “यंदा माटवी नव्या तुळईला बांधायची.”

तो विषय तेथे संपला. निघण्यापूर्वी मी एक गोष्ट केली. माजघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने ३० हा आकडा लिहिला आणि शेजारच्या घरातल्या मुलीला सांगितले, की मेस्त्री कामावर आले की रोज सकाळी एक कमी करायचा. तिने हे काम इतक्या काटेकोरपणे केले, की मेस्त्री दाराकडे न पाहता मागच्या अंगणातून ये-जा करू लागले, असे काकूंनी मला कळवले.

मेस्त्री वीसऐवजी एकवीस एप्रिलला आले. मधे एका पुतण्याच्या लग्नात तीन दिवस गेले. भिंतीचा एक माथा ठरल्यापेक्षा जास्त उतरवावा लागला. एकोणीस दिवसांचे चोवीस झाले आणि १४ मे रोजी शेवटचे कौल बसले. दारावर तेव्हा ६ चा आकडा होता.

यंदाचा पाऊस कसा आला ते वाचकांना आठवत असेलच. मेच्या विशीतच सिंधुदुर्गात धो धो सुरू झाला. २४ मे २०२५ ला मोसमी पाऊस केरळात आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिण कोकणात पोचला, आणि २६ मेला मुंबईत. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद पूर्वी नव्हती. मृगाला अजून बारा-तेरा दिवस होते. हे मला आधी कळले होते असे मुळीच नाही. हवामानात मला गती नाही. २० मे ही तारीख मी धरली ती वळवाच्या धाकाने. पण पाऊस काय आणि मऊ माती काय, त्यांना आपल्या पंचांगातल्या तारखा पाठ नसतात. त्यांच्यासाठी थोडे दिवस बाजूला काढून ठेवावे लागतात, इतकेच. ज्याला हे दिवस वाया गेलेले वाटतात, त्याने २५ मेच्या रात्री आमच्या काकांना फोन करून पाहायला हवा होता. ते माजघरात अंथरूण टाकून कौलांवरचा पाऊस ऐकत पडले होते.

२७ ऑगस्टला गणपती आले. आम्ही सगळे गेलो. गणपतीच्या गाड्यांना जी गर्दी असते तिचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. आणि पावसाळ्यात या मार्गावर गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, बेताच्या गतीने धावतात, तेव्हा ही गर्दी भोगायला वेळही भरपूर मिळतो. नव्या तुळईला माटवी बांधली होती. फणसाच्या लाकडाचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. पडवी चार ठिकाणी गळत होती आणि प्रत्येक गळतीखाली काकूंनी एक-एक घमेले ठेवले होते. त्यांचा चार स्वरांतला टपटप आवाज आरतीला साथ देत होता.

मेस्त्री पेडण्याहून दर्शनाला आले. त्यांनी नमस्कार केला, प्रसाद घेतला, माजघराच्या तुळईखालून एकदा नजर फिरवली आणि मग पडवीत येऊन वर पाहत उभे राहिले. काका त्यांच्या मागोमाग आले. मला वाटले, आता ‘होतला का?’ आणि ‘जातलें’ यांची गाठ पडणार.

पण काकांनी विचारले, “मेस्त्री, पुढल्या वर्षी आमच्याकडे पहिला दिवस कुठला?”

मेस्त्रींनी खिशातून पेन्सिल काढली आणि बोटे मोजायला सुरुवात केली.